ऐकणाऱ्याचा चेहरा

हडसन नदीकाठ, न्यूयॉर्कजवळ
१८ ऑक्टोबर १९१४

ताई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. हे पत्र आधी एकटीनं वाच, मग बाबांना त्यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

मी कॉलेज सोडलं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणाखाण्याची सोय व्हावी म्हणून नदीकाठच्या एका घरी सुतारकामाला राहिलो, आणि सुट्टी संपली तेव्हा माझे पाय परत फिरेनात, एवढंच झालं.

घर लॉरिंग नावाच्या कुटुंबाचं. नवरा-बायको दोघंही नाटकं लिहायची. नवरा वारला. बाई अजून लिहितात. उंच, पांढऱ्या केसांच्या आहेत, पेन्सिल नेहमी अंबाड्यात खोचलेली असते आणि त्या ती घरभर शोधत फिरतात. त्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत आणि एकेकीला आपल्या पडलेल्या नाटकाचं नाव दिलं आहे. थोरला मुलगा वॉल्टर बापाच्या वळणावर गेला, नाटककार आहे. धाकटा नेड माझ्या वयाचा. त्यानं हातानं फिरवायचा कॅमेरा आणला आहे आणि परसातल्या धान्याच्या कोठारात तो चलतचित्रं करतो. आपण छावणीतल्या तंबूत बायस्कोप पाहिला होता, आठवतं? त्यात आगगाडी आली नि गेली. इथं नेड गोष्ट सांगतो.

ऊन आत यावं म्हणून त्यानं कोठाराचं अर्धं छप्पर उतरवलं आहे. मी भिंती उभ्या करतो. दिवाणखाना, तुरुंग, राजवाड्याचा जिना, सगळ्याला तीनच भिंती आणि वर आभाळ. परवा दिवाणखान्यात एक नट रडत होता आणि वरून पानं गळायला लागली. इथं या दिवसांत पानं लाल होतात. मी झाडू आणायला धावलो तर नेडनं मला थांबवलं. म्हणाला, राहू दे, बघणाऱ्याला वाटेल की या माणसाच्या दुःखानं घरातच पानगळ सुरू झाली.

वॉल्टरला हे पटत नाही. बापानं शब्दांवर घर उभं केलं आणि हा मुक्यांचा खेळ करतो, असं तो म्हणतो. दोघं भाऊ एका टेबलावर जेवतात, पण मीठसुद्धा आईमार्फत मागतात.

स्वतः जन्मभर नाटकं लिहून मला मात्र गन कॅरिज फॅक्टरीत इंजिनियर करायला निघालेल्या बाबांना हे कसं सांगायचं, मला समजत नाही. तुझ्या गुणवंतरावांना सांगितलंस तर हरकत नाही. भाऊजी कुणाला बोलायचे नाहीत.

तुझा
मुरली


चेरीताल, जबलपूर
२४ जानेवारी १९१५

मुरली,

खूप मोठा हो. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. बाबांना सांगितलं की तू यंत्रांचं काम शिकून राहिला आहेस आणि तिथं पानं लाल होतात. यंत्रांचं ऐकून मान हलवली, पानांचं ऐकून मात्र दिवसभर खूश होते. अशी मी अर्धी खोटी आणि अर्धी खरी.

लढाई सुरू झाल्यापासून फॅक्टरीचा भोंगा केव्हाही होतो. तुझे भाऊजी घरी येतात ते अंगाला लाकडाचा भुसा आणि तेलाचा वास घेऊन. जेवता जेवता झोपतात. तोफांची चाकं भरलेल्या गाड्या स्टेशनाकडे जातात तेव्हा आमच्या फडताळातली भांडी बारीक वाजत राहतात. आता तो आवाज बंद झाला की मीच दचकते.

बाबांनी नवं नाटक धरलं आहे. भेडाघाटचे दोन नावाडी, सख्खे भाऊ. वाटणीवरून बिनसलं, एक या काठी राहतो, दुसरा त्या काठी. बोलणं नाही. पण थोरला रोज संध्याकाळी संगमरवरी कड्याशी बोलतो, सुखदुःख सांगतो, आणि कडा ते बोलणं पलीकडच्या काठावर नेऊन टाकतो. दोन अंक झाले. तिसऱ्यात भावांची भेट व्हायची, तिथं गाडी अडली. दोघं समोरासमोर आले की भाषण ठोकायला लागतात आणि बाबा कागद फाडतात. त्या तुझ्या बाईंना विचार, काहून होत असेल असं?

आणि नीट जेवत जा.

विनता


हडसन नदीकाठ
२ मे १९१५

ताई,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर इंग्रजीतून सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की दोन्ही भावांनी खाणं थांबवलं आहे आणि दोघंही आपापल्या ताटाकडे बघत आहेत.

बाईंनी विचार करायला फार वेळ घेतला नाही. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सांग, त्यांना भेटवूच नका. बोलणाऱ्याला सगळेच बघतात. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा."

नेड तसाच उठला. त्याला याचं चित्र करायचं होतं. वॉल्टर हसला, म्हणाला, ज्या चित्राला आवाजच नाही त्यात प्रतिध्वनी कसा दाखवणार? बाई म्हणाल्या, तेच तर सांगते आहे.

तर ताई, भेडाघाट इथं आला आहे. नदीच्या पलीकडे उंच कडे आहेत, काळपट. पण पहाटे धुकं उतरतं तेव्हा त्यांचा रंग कळत नाही, आणि मला खरंच वाटतं की हे धुकं जरा विरलं की समोर आपली नर्मदा असेल आणि तू काठावर कपडे पिळत उभी असशील. ऐकणारा धाकटा भाऊ नेड स्वतः करतो. त्यामुळे कॅमेऱ्याची मूठ त्यानं माझ्या हातात दिली. ती एका लयीत फिरवावी लागते, घाई नाही, रेंगाळणं नाही. इथले लोक मनात गाणं म्हणतात. मी एकोणतीसचा पाढा म्हणतो. बाबांनी छडी घेऊन पाठ करून घेतला होता, तो असा कामाला आला.

बोलणाऱ्या भावासाठी माणूस मिळेना. मग एका पहाटे वॉल्टर आपणहून आला, कोट काढला, नावेत बसून पलीकडे गेला आणि कड्याशी बोलायला लागला. ऊन चढेपर्यंत बोलत होता. काय बोलला ते नेडला ऐकू गेलं, कॅमेऱ्याला नाही. मी नेडचा चेहरा टिपत होतो. पाढा चुकला माझा, पण हात थांबवला नाही.

त्या दिवशी जेवताना वॉल्टरनं नेडकडे मीठ मागितलं.

बाबांना बाईंचं म्हणणं कसंही करून कळव.

मुरली


चेरीताल
१२ नोव्हेंबर १९१५

मुरली,

आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. बाबांच्या डोळ्यांवर ताण येतो म्हणून ते स्वतः लिहीत नाहीत, तू मनाला लावून घेऊ नको. नाटक जरा बाजूला ठेवलं आहे. बाईंचं वाक्य त्यांना अजून सांगितलं नाही. माझ्याजवळ ठेवलं आहे.

कार्तिकस्नानाला नर्मदेवर तिलवाऱ्याला गेले होते. पाण्यावर इतकी वाफ होती की पलीकडून येणारी नाव दिसतच नव्हती, फक्त त्यातल्या बायकांचं हसणं पाण्यावरून येत होतं. मला तुझा कॅमेरा आठवला. हे हसणं त्यात कसं उतरलं असतं?

पत्र लांब लिहीत जा, आणि अक्षर मोठं काढ. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचते. सवय लागून राहिली आहे.

विनता


हडसन नदीकाठ
९ डिसेंबर १९१६

ताई,

वर्षभर पत्र नाही, रागावली असशील. लढाईमुळे बोटींचा भरवसा नाही. मी बरा आहे. चित्र पुरं व्हायला वेळ लागेल. थंडी फार आहे, बोटं वळत नाहीत, म्हणून थोडक्यात लिहितो. बाबांना नमस्कार.

मुरली


चेरीताल
३ मार्च १९१७

मुरली,

एवढ्या दिवसांनी पत्र आलं आणि ते असं. पहिलीतलं पोर बरं लिहील. ओळी वर चढलेल्या, काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. मराठी विसरून राहिलास का? की आता आम्हाला लिहिणं म्हणजे उरकायचं काम झालं? तिकडे मोठी माणसं भेटली, चांगलं झालं. पण मोठं अक्षर मी मागितलं होतं ते असलं नाही.

आम्ही सगळे छान. तुझे भाऊजी कामात असतात. बाबाही ठीक.

विनता


हडसन नदीकाठ
१९ ऑगस्ट १९१७

ताई,

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. आता सगळं सांगतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कोठाराला आग लागली. या चित्रांची पट्टी कापसाहून लवकर पेटते, आणि आमच्याकडे ती रिळांवर गुंडाळून रचून ठेवलेली. दुपारची वेळ होती, कशानं लागली कळलं नाही. मी आणि वॉल्टर आत शिरलो. धूर पिवळा होता. माझ्या हाती एकच पत्र्याचा डबा लागला. तो तापला होता, पण सोडावासा वाटला नाही. बाहेर आलो तेव्हा डब्याबरोबर उजव्या हाताची कातडीही निघाली. आता तीन बोटं वळत नाहीत. बाकी सगळं जळालं. मी बांधलेले राजवाडे जळताना, खरं सांगतो, कधी नव्हे इतके खरे दिसत होते.

डब्यात निघालं ते नेडचं ऐकणं. तेवढंच वाचलं.

बाई महिनाभर माझ्या उशाशी बसून मला भरवत होत्या. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, ताई, मी कुणाच्या हातचं जेवायचं विसरलो होतो. एकदा तापात त्यांना मराठीत पाणी मागितलं आणि त्यांनी दिलं.

तुला कळवलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस, आणि त्यांना वाटलं असतं, कॉलेज सोडून हेच मिळवलं.

एप्रिलपासून हा देशही लढाईत उतरला आहे. नेडनं नाव नोंदवलं. पुढच्या आठवड्यात जातो आहे. वॉल्टर त्याचे बूट पॉलिश करून राहिला आहे. बघ, तुझं 'करून राहिला' माझ्याकडून सुटलं नाही. मराठी विसरलो नाही.

मुरली


चेरीताल
६ डिसेंबर १९१७

माझ्या बाळा,

तुझ्या हातावर मी काय बोलले ते मला आता गिळवत नाही. तू ते पत्र जाळून टाक.

तू खरं सांगितलंस, मीही सांगते. आपण दोघं नाटककाराची पोरं, दोन वर्षं एकमेकांना नाटकच लिहीत होतो.

तुझे भाऊजी इथं नाहीत. मागच्या वर्षी फॅक्टरीतली माणसं बसऱ्याला पाठवली, तोफगाड्या दुरुस्त करायला, त्यांत ते गेले. तिथून दोन ओळींचं कार्ड येतं. वाळू आहे, खजूर आहे, बरा आहे.

आणि बाबांना तुझं सगळं पंधरा सालीच कळलं होतं. नागपूरचे रत्नाकर तुझ्या कॉलेजातून परतले, ते भेटायला आले आणि सहज बोलून गेले. बाबा ओरडले नाहीत. नाटकाचे कागद बासनात बांधले आणि मला म्हणाले, या घरात त्याचं नाव नको. मी हो म्हटलं. मग तुझं पत्र आलं की मी ओसरीवर निवडायला तांदूळ घेऊन बसायची आणि आपल्याशीच वाचल्यासारखं मोठ्यानं वाचायची. बाबा आतल्या खोलीत. ते कधी बाहेर आले नाहीत. पण मी वाचायला लागले की आतल्या झोपाळ्याची कडी वाजायची थांबायची. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थांबले, तर झोपाळाही थांबलेलाच. पुढचं ऐकायला.

त्या दिवशी मला तुझ्या बाईंचं वाक्य समजलं.

या साली इथल्या गोरखपूर वस्तीतल्या गणपतीत मंडळींना नाटक हवं होतं. बाबांनी दोन अंकांचं बासन त्यांच्यापुढे टाकलं, म्हणाले, पुढचं तुमचं तुम्ही बघा. तुळशीराम, जो थोरल्या भावाचं काम करणार होता, माझ्याकडे आला. मी म्हटलं, तिसरा अंक बाबांनी लिहून ठेवला आहे, आठ दिवसांनी देते. आणि बसून लिहिला. दुपारच्या. चुलीवर डाळ शिजते आहे आणि मी लिहून राहिले आहे. माझ्या अंकात भेट नाही. थोरला दिसतही नाही, आतून त्याचा नुसता आवाज येतो, आई गेली म्हणून तो कड्याला सांगतो. समोर धाकटा एकटा, भाकर थापतो आहे. हात चालतो आहे, चालतो आहे, आणि थांबतो. बस. मग तो उठतो आणि नाव सोडतो.

नाटकाच्या दिवशी बाबा पुढच्या रांगेत, आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड. तिसरा अंक उघडला तशी मी फटीला डोळा लावला. धाकट्याचा हात थांबला तेव्हा सगळा मांडव गप्प झाला, लहान पोरंसुद्धा. पडदा पडला आणि लोक बाबांना वर बोलवायला लागले. बाबा चढले. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले:

"तिसरा अंक माझ्या मुलीचा आहे. विनताचा. मला तो कधीच जमला नसता."

एवढंच बोलून उतरले. बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला कुठं बघावं कळेना.

टांग्यात आम्ही दोघं. त्यांनी विचारलं, "त्या ऐकणाऱ्याला कोणावरून घेतलंस?"

मी म्हटलं, "तुमच्यावरून, बाबा."

मग तुझ्या बाईंचं वाक्य त्यांना सांगितलं. घर आलं, उतरले, दाराशी थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "मुरलीचं पत्र आलं की यापुढे आत येऊन वाच. ओसरीवर गाड्यांच्या आवाजात अर्धं जातं."

म्हणून तुझं हे हाताचं पत्र मी त्यांच्यासमोर वाचलं. त्यांनी आपला उजवा हात उघडून कितीतरी वेळ बघितला.

ताई


हडसन नदीकाठ
११ फेब्रुवारी १९१९

ताई, बाबा,

नेड गेला. फ्रान्समध्ये, लढाई थांबायच्या थोडी आधी. गावात लोक रस्त्यावर नाचत होते, घंटा वाजत होत्या, आणि त्या गोंधळात तार आली. बाईंनी ती वाचली आणि दार लावून घेतलं, घंटांचा आवाज आत येऊ नये म्हणून.

मग काही दिवसांनी त्यांनी मला तो पत्र्याचा डबा आणायला सांगितला. जेवणघराच्या भिंतीवर वॉल्टरनं चादर ताणून बांधली. मी चित्र दाखवायचं यंत्र आणून लावलं. डाव्या हातानं फिरवतो आता, पाढा तोच. धुक्यात नेड नावेत बसलेला आहे, वल्हं मारतो आहे. मग वल्हं थांबतं, मान किंचित वळते, आणि तो ऐकतो. फार तर दोन-तीन मिनिटांचं आहे. संपलं की चादर पांढरी होते. बाई म्हणतात, पुन्हा.

रोज चहानंतर आम्ही तिघं बसतो. बाई रडत नाहीत. त्या पुढं झुकून बघतात, जणू नेडला जे ऐकू येतं आहे ते आपल्यालाही येईल. वॉल्टरला ठाऊक आहे तो काय बोलला होता, पण त्यानं अजून सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही.

मला घरी यायचं आहे. आता बोटी सुरू झाल्या आहेत. पण यंत्र माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नाही, वॉल्टरला लय सापडत नाही. 'पुन्हा' म्हणणाऱ्या त्या बाईला मी निघतो हे कसं सांगू, तुम्हीच सांगा.

मुरली


चेरीताल
५ मे १९१९

मुरली,

तुझं पत्र आत बसून वाचलं. भाऊजी मार्चमध्ये परतले. काळे पडले आहेत, वाळून गेले आहेत, अंगणात चहा घेऊन बसतात आणि काही बोलत नाहीत. मी पण विचारत नाही. शेजारी बसून शेंगा सोलते. काल आपणहून खजुराच्या झाडांविषयी सांगायला लागले. चलो, सुरुवात तर झाली.

गेल्या पावसाळ्यानंतर तापाची साथ आली, तिनं घरंच्या घरं रिकामी केली. तुळशीराम गेला. नाटक पुन्हा करायचं होतं, पण त्याचा तो आवाज कुठून आणायचा?

खाली बाबांनी स्वतः लिहिलं आहे. मी हात लावला नाही.

चि. मुरलीधर,
तुझ्या ताईनं विचारलं, काय कळवू. मी म्हटलं, मीच लिहितो. मुलगा गेलेल्या आईला जवळ माणूस लागतं. त्यांनी तुला भरवलं आहे. त्या पुरे म्हणेपर्यंत उठू नकोस. मी थांबेन. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्यांचं म्हणणं मला उशिरा कळलं, पण कळलं.
बाबा


हडसन नदीकाठ
२८ सप्टेंबर १९१९

ताई,

बाबांच्या ओळी मी बाईंना आधी मराठीतच वाचून दाखवल्या, त्यांनी तसं सांगितलं म्हणून. मग इंग्रजीत. 'मी थांबेन' हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. संपूर्ण उन्हाळा आम्ही रोज बसत होतो.

गेल्या सोमवारी मी यंत्र मांडलं तर त्या म्हणाल्या, आज नको. मग वॉल्टरकडे वळून म्हणाल्या, "तू काय बोलला होतास ते आता सांग."

मी बाहेर जायला उठलो तर वॉल्टरनं मला थांबवलं. त्यानं सांगितलं. लहानपणी तो नदीत बुडत असताना नेडनं त्याला ओढून काढलं होतं आणि त्यानं त्याबद्दल कधी आभार मानले नव्हते, तेच तो कड्याशी बोलला होता. बाकी सगळं असंच, घरातलं, कोंबड्यांचं, बापाचं. बाई ऐकत होत्या. मी त्यांचा चेहरा बघितला, ताई. त्याचं वर्णन मी करत नाही, तू तो अंक लिहिला आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चादर स्वतः उतरवली, धुतली आणि अंगणात वाळत घातली. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुझे वडील थांबेन म्हणाले. असं म्हणणारा माणूस थकलेला असतो. जा आता."

डब्याची पट्टी त्यांनी ठेवून घेतली. यंत्र चालवायला वॉल्टर शिकला आहे, थोडं अडखळतो. मला त्यांनी त्यांच्याकडची एक पेन्सिल दिली आहे, तुझ्यासाठी. म्हणाल्या, तिला सांग, चौथं नाटक पडेपर्यंत घाबरायचं नाही.

पुढच्या महिन्यात बोट आहे. लंडनला दुसरी मिळेल, मग मुंबई, आणि तिथून डाकगाडी. इंजिनियर होऊन येत नाही आहे. उजवा हात निम्मा आहे. पण भिंती उभ्या करता येतात, आणि कॅमेरा फिरवता येतो. जबलपुरात त्याचं काय करायचं ते आपण बसून ठरवू. भाऊजींना शेजारी मला जागा ठेवायला सांग, मीही शेंगा सोलीन.

मुंबईहून तार करतो. बाबांना स्टेशनवर आणू नकोस, थंडी असेल, गाडी पहाटे येते.

नाही, आण.

मुरली